वाचलेली मुलगी

केंब्रिजच्या एका नर्सिंग होममध्ये मी कामाला आहे. तिथे एक निवृत्त बंगाली डॉक्टर स्मृती गेलेल्या बायकोला भेटायला रोज यायचे. डॉक्टरकी करता करता त्यांनी पुष्कळ कथा लिहिल्या होत्या, पण तिला एकच हवी असायची. तिची नाडी धरून ते तीच कथा वाचायचे. कथा संपली की ती घाबरून काहीतरी विचारायची, ते होकारार्थी मान हलवायचे, मग ती हसायची.

"क्या पूछती हैं वो?" एकदा दाराशी मी त्यांना हिंदीत विचारलं.

"पूछती है, लड़की बच गई ना? मैं कहता हूँ, हाँ."

"और कहानी में?"

"नहीं बची. हमारी ही बेटी थी. इलाज मैंने किया था."

आतून बाईंनी हाक मारली. डॉक्टर आत गेले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.