नऊ अंगठे

बारामतीत मी गणिताचा क्लास घेतो. संभाव्यता आली की दरवर्षी तेच गणित फळ्यावर लिहितो: वर्गात इतक्यांना क्रिकेट आवडतं, इतक्यांना कबड्डी, काहींना दोन्ही, तर एकूण किती? दरवर्षी कोणीतरी सरळ बेरीज करतो. मी त्याला उभा करून म्हणतो, "दोन्हीकडचा एकदाच मोजायचा, गाढवा."

आता गाढवाचं ऐका.

माझ्या वडिलांना, आबांना, पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवलं होतं. रक्त ओ निगेटिव्ह, सहसा न मिळणारं. डॉक्टर म्हणाले, शनिवारी सकाळी याच गटाचे पाच रक्तदाते आणा, त्याशिवाय हात लावणार नाही. पिंपळीच्या आमच्या भावकीच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरही टाकला. तिकडं पाच अंगठे आले, इकडं चार. नावं वाचतो कोण? पाच आणि चार, नऊ.

"किती जमलं रं?" आबांनी विचारलं.

"नऊ."

"मग उरल्यालं परत दिऊन टाक. माझ्या अंगात एवढी जागा न्हाय."

इंदापूरहून मामांचा फोन आला. "भाच्या, हितं एक जण हाय त्या गटाचा. घिऊन येऊ का?"

"राहू द्या मामा. नऊ आहेत."

शनिवारी सहाच जण आले. भावकीतली तीन पोरं माझ्याच क्लासला शिकलेली. त्यांनी दोन्हीकडं अंगठा दिला होता. सहांपैकी एकाला नुकतीच कावीळ होऊन गेलेली, एकाच्या तोंडाला रात्रीच्या दारूचा वास. उरले चार. मी मामांना फोन लावला.

"आता सांगतुयास व्हय? त्यो काल सोलापूरला दिऊन मोकळा झाला."

चार बाटल्यांवर डॉक्टर तयार होईनात. ऑपरेशन मंगळवारवर गेलं. आबा सोमवारी गेले.

"एका बाटलीनं वाचलेच असते असं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. वाचलेच नसते, असंही ते म्हणाले नाहीत. संभाव्यता शिकवणाऱ्याला याहून जास्त कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी दोन्ही ग्रुपवर जोडलेले हात येऊ लागले. मी एकेक नाव वाचत बसलो. ती तीन पोरं दोन्हीकडं होती. या वेळी एकदाच मोजली.