काळ्या कागदातली बाटली

नौपाड्यातलं घर मी सोडलं तेव्हा रिक्षात एक पिशवी, मांडीवर तीन वर्षांची मनू आणि पोटात चौथा महिना होता. सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या. खाली आल्या नाहीत. वरूनच म्हणाल्या, "एका सुईला घाबरून कुणी घर सोडतं का गं, हेमा?" आवाज सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढा, पण कुणाला भांडण वाटणार नाही इतका गोड. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हाही त्यांच्याच बाजूचा.

कोळीवाड्यातल्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितेय. पांढरपेशांच्या घरात लग्न करून गेली आणि तेही टिकवलं नाही, एवढंच तुमच्या कानावर आलं. ज्या बायका माझ्यासारख्या पिशवी उचलून निघाल्या, त्यांनीही वाचावं.

सासूबाई मला स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेलेल्या. हल्ली बाळाची तब्येत आधीच कळते, साधी तपासणी आहे, पोटातलं थोडं पाणी सुईने काढतात, असं त्यांनी सांगितलेलं. डॉक्टरने मला एक प्रश्न विचारला नाही. चक्कर येते का, पाय सुजतात का, रक्तगट कुठला, काहीच नाही. विचारलं ते सासूबाईंना, आणि एवढंच, "पहिली मुलगी ना?"

मी टेबलावरून उतरले आणि चालत घरी आले. ती सुई मला चांगली माहीत होती. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या रांगेतल्या बायकांना मी तिच्याविरुद्ध पत्रकं वाटलेली. 'गर्भजलपरीक्षा म्हणजे मुलींची कत्तल', हे त्यातलं वाक्य माझं. उरलेल्या पत्रकांवर सासूबाई मनूला चिवडा द्यायच्या. तेव्हा कायदा झालेला नव्हता. दवाखान्याची पाटी राजरोस रस्त्याकडे तोंड करून होती.

अरुणला, माझ्या नवऱ्याला, पटायला दोन दिवस लागले. आई तसं म्हणाली नाही, तू तसं समजलीस, हे त्याचं पालुपद. मग स्टोव्ह आणि मनूची गादी घेऊन तोही आंबिवलीला आला. तिथे त्याच्या मित्राची चाळीतली एक खोली रिकामी होती, मी तिथेच जाऊन राहिलेले. नौपाड्यात पाण्याच्या वेळा सांभाळाव्या लागत नव्हत्या, कोळीवाड्यात विहीर दाराशी. इथे सकाळी नळाला बादली लावायची आणि शेजारच्या पांडेभाभीवर नजर ठेवायची. ती माझी बादली पुढे सरकवायची, तर मला वाटायचं, ही का एवढी चांगली वागते? हिला कुणी सांगितलंय का माझ्यावर लक्ष ठेवायला? हसू नका. ज्या बाईला घरच्याच माणसांनी फसवून टेबलावर झोपवलंय, ती बादलीवरही संशय घेते.

कल्याणच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले ती बाळंतपणासाठी नाव घालायला. त्यांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले, रक्त तपासलं आणि मग कपाळाला आठ्या घातल्या. माझं रक्त निगेटिव्ह, अरुणचं पॉझिटिव्ह. मनूच्या वेळी बाळंतपण झाल्या झाल्या एक इंजेक्शन द्यायला हवं होतं. कुणी दिलं नव्हतं. असं काही असतं हेही कुणी सांगितलं नव्हतं. पेढे की बर्फी याची चौकशी मात्र सगळ्यांनी केलेली. आता माझंच रक्त या दुसऱ्या बाळाचं रक्त परकं समजून नासवत होतं. बाळ पोटातच आजारी पडत चाललेलं, आणि मला बाहेरून काही म्हणजे काही जाणवत नव्हतं.

सातव्या महिन्यात त्या म्हणाल्या, "पोटातलं पाणी काढून बघायला हवं."

तीच सुई. तीच वाक्यं. बाळाची तब्येत, थोडं पाणी, साधी तपासणी. माझ्या डोक्यात कळ गेली. मी सरळ विचारलं, "पहिली मुलगी आहे म्हणून का?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भांडायचं असेल तर भांड माझ्याशी. पण आज भांडून घे. पुढच्या आठवड्यावर टाकलंस तर तुझं बाळ थांबेलच असं नाही."

मी भांडले. पाण्यात काय बघणार, कोण बघणार, उरलेल्या पाण्याचं काय करणार, मुलगा-मुलगी कळलं तर कुणाला सांगणार. त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. बाळाचं रक्त किती नासलंय ते पाण्याच्या पिवळेपणावरून कळतं, म्हणाल्या. आणि आता सातव्यात ते दुसरं कळून कुणाला काय करायचंय? मी म्हटलं, लोकांना काहीही करायचं असतं. शेवटी ठरलं की अरुण खोलीत उभा राहील आणि नौपाड्यात कुणाला कळणार नाही.

सुई आत गेली तेव्हा मी छताकडे नाही, बाटलीकडे बघत होते. पाणी भरल्याबरोबर नर्सने ती काळ्या कागदात गुंडाळली. "काय लपवताय?" मी पडल्या पडल्या ओरडले.

"उजेड लागला की पिवळेपणा फिका पडतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग बाळ बरं आहे असं खोटंच दिसेल. तुला तसं हवंय का?"

मी अर्धा विश्वास ठेवला. उरलेल्या अर्ध्यासाठी बाटली अरुणच्या हातात दिली. मुंबईच्या लॅबमध्ये तूच घेऊन जा, कागद काढू देऊ नकोस, कोणाच्या हातात देतोस त्याचं नाव विचार. तो बिचारा पोटाशी धरून घेऊन गेला. उत्तर आलं ते वाईटच. पाणी फार पिवळं होतं. बाळाला आठव्यातच बाहेर काढावं लागणार होतं.

पत्रकं वाटणाऱ्या आमच्या गटातली सुलभा भेटायला आली. संत्री आणलेली. निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, "पण तुला कळलं असेलच ना गं? आम्हाला सांगायला काय हरकत आहे?"

म्हणजे आता मीही संशयित. आमच्या पत्रकात एकाच सुईला जागा होती. दुसरी असते, ती आजारी बाळासाठी असते, हे आम्हाला कोण सांगणार? पहिलीचा धंदा करणाऱ्यांनी तर दुसरीचं नाव चोरून पाटीवर लावलेलं. आजारी बाळाचं निमित्त सांगून धडधाकट मुली काढून टाकायच्या, आणि खरोखरच्या आजारी बाळाच्या आईने कुणावर विश्वास ठेवायचा? तिने सगळ्यांच्याच तोंडाकडे बघत बसायचं. याचा राग मला त्या सुईपेक्षा जास्त आहे.

बाळ ठाण्याच्या हॉस्पिटलात झालं. हळद लावल्यासारखं पिवळं. त्याचं सगळं रक्त बदलावं लागणार होतं आणि हवं ते रक्त ओ निगेटिव्ह. अरुणचं चालणार नव्हतं. माझ्या बाबांचं तेच, म्हणून कोळीवाड्यात निरोप गेला.

बाबा आले. लग्नापासून माझ्याशी बोलले नव्हते. खाडीवरून तसेच आलेले, पायाला चिखल. बाही वर केली आणि सिस्टरला म्हणाले, "माजा रगत माज्याच नातवंडाला देनार ना? का भायेर इकनार?" सिस्टर भडकली. मी पलंगावर टाके धरून हसले. संशय माझ्याकडे कुठून आला ते तिथे सगळ्या वॉर्डाला कळलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाय, पोर जगंल ना?" आणखी काही विचारलं नाही. बाहेर बाकावर बसून राहिले.

सासूबाईही आल्या, मिठाईचा बंद डबा घेऊन. दारातूनच त्यांनी अरुणला जे विचारलं, ते तुम्हालाही विचारायचंय, मला माहीत आहे. मी ते इथे लिहिणार नाही. बाळ वाचलं. आता शाळेत जातं, भात टाकतं, मनूशी भांडतं. एवढं पुरे.

कोळीवाडा माझा आहेच. नौपाड्यालाही आम्ही सणावारी जातो, मी तिथलं पाणीसुद्धा बघून पिते. पण हॉस्पिटलमधून निघालो तेव्हा रिक्षा कुठे सांगायची हे मी अरुणला विचारलं नाही, सरळ स्टेशन म्हटलं, आणि आंबिवलीला उतरलो. पांडेभाभी नळावर होती. बाळ पिवळं जन्मलं हे तिला अरुणकडून कळलेलं. बादली तशीच भरती सोडून आली. तिने दुपटं उघडलं नाही, नुसतं तोंडावरून बाजूला केलं, बाळाला उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ कपाळ बघितलं.

"अब पीला नहीं है," ती म्हणाली.

मी खोलीचं कुलूप काढलं आणि तिला आत ये म्हटलं.