बिशपची हाडं

बहारीनला निघताना माझ्या बॅगेत दोनच मोलाच्या वस्तू होत्या. मध्ययुगातल्या एका जर्मन बिशपचं, निवृत्तीनंतर पाच वर्षं खपून मी लिहिलेलं चरित्र, आणि आमच्या गावच्या गवंड्यानं काढून दिलेला हसनच्या घराचा नकाशा. पहिल्या वस्तूनं दुसरीची वाट लावली, ते सांगायलाच हे लिहितो आहे.

हसन आणि मी दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर होतो. तो तीस वर्षांपूर्वी बहारीनला गेला आणि सलमाबादच्या एका वर्कशॉपात फोरमन झाला. आता नोकरी संपत आली होती. गावी परतायचं, आईची कबर दिसेल अशा जागी घर बांधायचं, हे त्याचं कधीचं ठरलेलं.

विमानतळावर तो तासभर आधीच येऊन उभा होता.

“काय मास्तर, वजन वाढला तुझा! यल्ला (चल), गाडी लांब हाय.”

रस्ते सपाट, इमारती धुळीच्या रंगाच्या. समुद्र मधूनच दिसायचा, पण त्याला मासळीचा वास नव्हता. मला उगाच राग आला.

सनद नावाच्या वस्तीत त्याच्या घरी भाभींनी सांदणं (तांदळाची गोड, वाफवलेली) केली होती. ताटं उचलायच्या आत हसननं नकाशा पसरला. “ओटी पश्चिमेला नको, पाऊस मारतो,” म्हणाला. त्याची शेंडेफळ आयेशा, नववीतली, शेजारी बसून ऐकत होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

मग मी बिशप काढला. सरदाराचा तिसरा मुलगा. थोरल्याला किल्ला मिळाला, मधल्याला जमीन, ह्याला लहानपणीच चर्चला देऊन टाकलं. बिशप झाला तरी तलवार सुटली नाही. पुतण्याला घेऊन क्रूसाच्या मोहिमेवर, म्हणजे मुसलमानांविरुद्धच्या धर्मयुद्धावर, निघाला आणि एक वेढा लढून परतीच्या वाटेत तापानं मेला. तेव्हा जर्मनांत एक रीत होती. प्रेत टिकायचं नाही, म्हणून ते उकळायचे आणि हाडं वेगळी करून मायदेशी न्यायचे. पुतण्यानं काकाची हाडं डोंगर ओलांडून नेली, आणि पुढं काकाच्या गादीवर स्वतःच बसला.

“पण पोचवली ना घरी?” हसननं विचारलं.

“पोचवली.”

“बघ. आपल्या माणसाची हाडा आपल्या गावातच यायला पायजेत.”

दुसऱ्या दिवशी त्यानं समुद्रकाठचा जुना किल्ला दाखवला. क्रूसवाले इथवर कधी आलेच नव्हते, तरी मी तटावर उभा राहून बिशपच्या स्वारीचं वर्णन करत सुटलो. वाऱ्यानं माझी टोपी उडून खंदकात गेली. बासष्टाव्या वर्षी हसन खाली उतरला आणि ती झटकून माझ्या डोक्यावर घातली.

शुक्रवारी संध्याकाळी राजधानीत, मनामात, तिथल्या मराठी लोकांसमोर बिशपवर माझं व्याख्यान होतं. मुंबई-पुण्याचे इंजिनिअर, अकाउंटंट सहकुटुंब आले होते. पुढच्या रांगेत नवा शर्ट घालून हसन, शेजारी भाभी आणि आयेशा.

मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. कुठल्याही लढाईत एक ‘आपले’ आणि एक ‘ते’, ही माझ्या जिभेची सवय. त्याशिवाय वर्ग जागा राहत नाही. त्या संध्याकाळी तीच जीभ सुटली. “आपले लोक तटाला भिडले! ते वरून उकळतं तेल ओतताहेत, तरी आपले हटत नाहीत!” आपले म्हणजे जर्मन. सभागृह तल्लीन.

आयेशानं हात वर केला. “अंकल, हू इज आपले?”

चुकलो, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? पण लोक हसले होते आणि मला टाळीची हाव सुटली. मी म्हणालो, “अगं, आपले म्हणजे आपले!”

टाळ्या कडाडल्या. हसन मान खाली घालून बुटांकडे बघत होता. ज्याला दापोलीचं नावही ठाऊक नव्हतं तो जर्मन माझा झाला होता आणि माझी टोपी काढायला खंदकात उतरलेला माणूस ‘ते’. मला स्वतःची किळस आली, पण चहाच्या वेळी लोकांचे नमस्कार मी सगळे घेतले.

गाडीत मी म्हणालो, “हसन, वर्गातली सवय रे.”

“म्हायत हाय. आपले गुरुजी पण असेच शिकवायचे. तेव्हा मी पण टाळ्या वाजवायचो.”

परतीच्या दिवशी बॅग त्यानंच उचलली. खजुराचा डबा दिला आणि घडी घातलेला नकाशा माझ्या हातात ठेवला.

“गवंड्याला सांगा, नको.”

सांगा! उभ्या जन्मात तो मला पहिल्यांदा अहो-जाहो करत होता.

“अरे, आणि घर?”

“थोरला पोरगा इथं नोकरीला हाय, त्याच्याकडं राहू. खलास (संपलं).”

“आईजवळ यायचं होतं ना तुला?”

तो हसला. “बिशपचा बरा होता, मास्तर. त्याची हाडा न्यायला त्याचे आपले होते.”

घरी आल्यावर मी लाल पेन घेऊन हस्तलिखितातला एकेक ‘आपले’ खोडला आणि तिथं ‘जर्मन’ लिहिलं. कुठंही काही अडलं नाही. इतकं सोपं होतं ते.

आठवड्यानं गवंडी दारात आला. “हसनभाई कधी येतात? पाया खणायला घेऊ ना?”

“नको,” मी म्हणालो. “ते नाही येत आता.”

गवंडी गेला. हसनला मी आजवर कधी ‘ते’ म्हटलं नव्हतं.