माकडानं चष्मा नेला आणि पुतणी जिंकली

मंडळी, आमच्या घरातला वर्षभराचा वाद आज एका माकडानं दहा मिनिटांत मिटवला.

लातुरात नीटची तयारी करणाऱ्या पुतणीला क्लास सोडून प्राणिशास्त्र शिकायचंय. तिचे वडील, म्हणजे भोकरला मास्तर असलेले आमचे दादा, म्हणतात, "माकडं बघायला पदवी कशाला?" म्हणून आज ती आम्हा दोघांना प्राणिसंग्रहालयात घेऊन गेली.

माकडाच्या पिंजऱ्यापाशी ती म्हणाली, "बाबा, त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका. त्याला ती धमकी वाटते."

"मला शिकवती का? पंचवीस वर्षं नुसत्या नजरेनं वर्ग गप करून राहिलो!" दादांनी डोळे वटारले. माकडानं गजांतून हात काढून चष्माच लांबवला.

पुतणी शांतपणे पाठमोरी बसली. पिशवीतून क्लासची प्रश्नपत्रिका काढून, माकडाकडं ढुंकूनही न बघता, मन लावून चुरगाळू लागली. माकडाला राहवेना. ते जवळ आलं, चष्मा गजाबाहेर टाकला आणि प्रश्नपत्रिका हिसकावून पळालं.

दादांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. लेकीकडं वळून विचारलं,

"बीएस्सीचा फॉर्म कधी भरायचा हाय?"

तुम्ही घरी लेकराचं ऐकता, की माकडाची वाट बघताय?