प्रतिसाद देण्यात आला नाही

स्वतःच्या आयुष्यात आमच्या सरांइतका गैरहजर राहिलेला माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात मिळायचा नाही. सर म्हणजे माझ्या पीएचडीचे गाइड. उरणच्या बाजूचे, मिठागरावर राबणाऱ्या घरातले. जन्मभर कॉलेजात मराठी शिकवली, पण त्यांच्या तोंडून 'मी' ऐकलेला विद्यार्थी मला तरी भेटला नाही. प्रबंधात 'मी' लिहिणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने तोंडी परीक्षेला बनियनवर येण्यासारखे. "संशोधक दिसता कामा नये," असे म्हणत ते लाल पेन्सिलीने इतके खोडत की कागद फाटायचा. इथवर ठीक होते, असे गाइड पुष्कळ असतात. पण सरांनी हा नियम घरी नेला होता. बेकरीत जाऊन ते "चार पाव घेतले जातील" असे सांगत, आणि उमेदीची वर्षे दुबईत काढलेले बेकरीवाले चाचा अजिबात न हसता "जरूर घेतले जातील, प्रोफेसरसाब" म्हणून पुडा बांधत. फोन केला की सुरुवात "विचारणा करण्यात येत आहे" अशी. आपल्याच दाराची कडी वाजवल्यावर आतून "कोण?" आले, तर सर नुसते उभे राहत. त्या शांततेवरूनच काकूंना नवरा आल्याचे कळायचे.

"आमचं लगीन यांनी केलं का करण्यात आलं, देवाला म्हाईत," काकू एकदा मला जेवायला वाढताना म्हणाल्या. लग्नाचा फोटो त्यांनी भिंतीवरून काढून दाखवला. त्यात हार घातलेल्या काकू एकट्याच उभ्या होत्या, आणि फोटोच्या कडेला कोटाची एक बाही. मी पोटभर हसले. घरी परतताना मात्र ती बाही डोळ्यांपुढून हलेना.

मी नागावची. आमची नारळाची वाडी आहे आणि पाहुण्यांसाठी चार खोल्या. आमच्याकडे सकाळी डोळा उघडला की जो तो 'मी' म्हणत उठतो. त्यामुळे सरांपुढे माझी त्रेधा उडे. माझा विषय होता खाडीकाठच्या समजुती. त्यातली एक आमच्या लहानपणापासूनची: खाडीकडून अनोळखी हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. तीनदा आली तर माणूस; एकदा-दोनदा येऊन थांबली तर माणूस नव्हे. संशोधकाने निर्लेप कसे लिहावे याचा नमुना म्हणून सर आपल्याच जुन्या प्रबंधातली दोन वाक्ये प्रत्येकाकडून लिहून घेत. 'हाक दोनदा ऐकू आली. प्रतिसाद देण्यात आला नाही.' आम्ही कॅंटीनमध्ये त्याची टर उडवायचो. कुणाला ऐकू आली, कुणी दिला नाही, हे विचारायचे कुणाला सुचले नाही.

मग एका चैत्रात मी सरांच्या गावच्या मिठागरावर गेले. निम्मे मिठागर भराव टाकून कंटेनरच्या यार्डाखाली गेले आहे, उरलेल्यावर पांढरे ऊन पडलेले. बाराचा सुमार. ट्रकवाले लांब आपापल्या गाड्यांखाली झोपले होते. बांधापलीकडून, खाडीच्या बाजूने, पुरुषाचा आवाज आला: "हाय का रं कोन?" बांधावर चढून पाहिले, तर चिखल आणि चढते पाणी. पुन्हा तीच हाक. मी गप्प राहिले आणि तिसरीची वाट पाहिली. ती आली नाही. मी तशीच घामाने भिजून रस्त्यावर पळत आले.

हाक आल्याचे मी प्रबंधात लिहिले, 'मी'सकट; किती वेळा ते तेवढे राहिले. खोडतील तर खोडू देत म्हटले. सरांच्या घरी पाने परत मिळाली तेव्हा सगळीकडे लाल होते, फक्त त्या परिच्छेदाला पेन्सिल लागली नव्हती. बाजूच्या समासात बारीक अक्षरात दोनच शब्द होते: 'किती वेळा?' मी 'दोनदा' म्हणाले. सर उठून आत गेले आणि बाहेर आलेच नाहीत.

मग काकूंनी सांगितले. सर विशीत असताना बांधाला भगदाड पडले, म्हणून त्यांचा थोरला भाऊ भर दुपारी एकटाच तिकडे गेला आणि चिखलात कमरेपर्यंत रुतला. वर भरती चढत होती. बांधाच्या अलीकडे मीठ ओढणाऱ्या सरांना हाक ऐकू आली, दोनदा. आवाज ओळखीचा वाटला नाही. घरच्यांनी शिकवले होते तसे ते तिसरीसाठी थांबले. ओहोटीला भाऊ सापडला. "तवापासून हा मानूस मी म्हनत न्हाय," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाराच्या आत सर मला रिक्षाने तिथे घेऊन गेले. बांधावर चढताना त्यांनी माझा खांदा धरला होता. बराच वेळ काहीच झाले नाही. मग ते खाडीकडे तोंड करून, कॉलेजात कधी न वापरलेल्या बोलीत म्हणाले, "दादा, मी हाय. मीच व्हतो." आणि मान कलती करून थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "तिसरी आली," ते म्हणाले. "ऐकलीस ना?"

"हो सर," मी म्हणाले.

न ऐकलेले लिहायचे नाही, ही त्यांचीच शिकवण. म्हणून प्रबंधात हाक दोनदाच आहे. सर त्या पावसाळ्यातच गेले, आणि आज पहिल्यांदा लिहिते आहे: मी खोटे बोलले. मला वाऱ्याशिवाय काही ऐकू आले नव्हते. त्याचे मला वाईट वाटत नाही. सरांची आठवण मात्र फार येते.

काकूंकडे अजून जाते. कडी वाजवली की आतून "कोण?" येते, आणि मी लगेच, मोठ्याने, "मी" म्हणते. क्षणभर जरी उशीर झाला, तरी काकूंची पावले घाईघाईने दाराकडे येऊ लागतात.