कारणाचा रकाना

लाल स्टिकर मॅनेजरने माझ्या ओळखपत्रावर लावला. फोटोवरच. माझ्या तोंडावर.

"शनिवारपर्यंत काढायचा नाही," तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. आज मला सगळ्यात जास्त राग माझ्या त्या हसण्याचा येतो.

जळगावची केळी परदेशी पाठवणारी ती कंपनी. नशिराबादच्या पुढे तिची शेड. धुळ्याहून बीएस्सी करून मी तिथे लागले होते. काम फळ तपासायचं. फणी हातात घ्यायची, लांबी मोजायची, फळ किती भरलंय ते बघायचं. ओरखडा असेल, चिकाचा काळा डाग असेल, तर ती फणी बाजूला काढून तिला लाल स्टिकर लावायचा. त्यावर इंग्रजीत छापलेलं असायचं, रिजेक्ट. स्टिकरचा रोल माझ्या सहीवर मिळायचा. लावलेल्या प्रत्येक स्टिकरची रजिस्टरमध्ये नोंद करावी लागे. तारीख, माल कोणता, नाकारण्याचं कारण, माझी सही आणि शेजारी मॅनेजरची सही. परदेशी गिऱ्हाइकाचे तपासनीस आले की आधी तेच रजिस्टर मागत.

मॅनेजर म्हणजे मालकांचा पुतण्या. वयाने माझ्याएवढाच. मी त्याला सर म्हणायची, तो मला एकेरीत हाक मारायचा. दर सोमवारी सकाळी त्याची मीटिंग. फळ्यावर एक इंग्रजी वाक्प्रचार लिहायचा. ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याने उभं राहून अर्थ सांगायचा. चुकला की छातीवर रिजेक्ट. गंमत म्हणून. बाकीचे बहुतेक जळगावच्या इंग्रजी शाळांतून आलेले. बोट कधीतरी माझ्याकडे येणार, हे मला ठाऊक होतं.

त्या सोमवारी फळ्यावर होतं, 'अंडर द वेदर'.

मी म्हणाले, "पाऊस यायच्या आत माल झाकून ठेवणे."

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सर म्हणाला, "आश्रमशाळेत हेच शिकवतात का?"

हो, मी आश्रमशाळेतली. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. माझे वडील, आबा, केळी कापणाऱ्या टोळीत. घड वाहून वाहून त्यांच्या सगळ्या बंड्या खांद्यावर काळ्या पडलेल्या. आभाळ भरून आलं की आमच्याकडे पहिली धाव मालाकडे जाते. मला तेच सुचलं. खरा अर्थ मी संध्याकाळी मोबाइलवर शोधला. बरं नसणे. अंगात कसकस असणे. त्या दिवशी मला सकाळपासून ताप होता. खोलीत तेरा माणसं होती. कुणी विचारलं नाही.

आठवडाभर मी तो स्टिकर गळ्यात घालून हिंडले. फणी तपासताना तोच रोल माझ्या हातात, तोच शब्द माझ्या छातीवर. दुपारी बाकीचे ऑफिसात गोल करून डबे उघडायचे. मी शेडच्या मागे रिकाम्या क्रेटवर बसून भाकरी खायची. येऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं. ये असंही कुणी म्हटलं नाही.

आबांचा फोन यायचा.

"काय व्हयनं व माय? तुना आवाज बसेल शे."

"काही नही, आबा."

शनिवारी स्टिकर काढला. गोंद राहिला. कितीही घासला तरी फोटोवरचा चिकटपणा गेला नाही. बोट लागलं की अजून जाणवतो.

मग मी ठरवलं, ह्यांची भाषा पाठ करून टाकायची. बस स्टँडजवळच्या गाडीवरून वाक्प्रचारांचं एक जुनं पुस्तक आणलं. भाड्याच्या खोलीत पोळपाटाशेजारी ते उघडं ठेवायची. जहाजावरचे वाक्प्रचार, घोड्यांच्या शर्यतीचे, मेजवान्यांचे. 'पीस ऑफ केक' म्हणजे अगदी सोपं काम. बारावी होईतो मी केक चाखला नव्हता. 'कॉल इट अ डे' म्हणजे आजच्यापुरतं काम पुरे. त्याच्यापुढे मी पेन्सिलने आईचे शब्द लिहिले. दिवसभर निंदून झालं की ती विळा ठेवते आणि म्हणते, "बस व्हयनं आते." ते वाचून मला एकटीला हसू आलं, मग रडू आलं. त्या खोलीत दोन्ही ऐकायला कुणी नव्हतं.

वाटायचं, अर्थ आले की सुटले. भाबडी होते मी.

दोन महिन्यांनी पुन्हा बोट माझ्याकडे वळलं. फळ्यावर 'बाइट द बुलेट'. मी उभी राहिले. टळणार नाही असं अवघड काम मन घट्ट करून करणे. हे मी इंग्रजीत सांगितलं. पूर्ण वाक्यात, न अडखळता.

मग त्याने माझा एक शब्द उचलला आणि माझ्याच हेलात म्हणून दाखवला. खोली पुन्हा हसली. त्याने रोलमधून स्टिकर काढला, पुढे आला आणि माझ्या ओळखपत्रावर चिकटवला.

मी विचारलं, "सर, अर्थ चुकला का?"

"अर्थ बरोबर आहे. उच्चार रिजेक्ट."

तेव्हा मला लख्ख कळलं. अर्थ ह्या लोकांना कधी नकोच होता. त्यांना हसायला मी हवी होते. मी सगळं पुस्तक पालथं घातलं असतं तरी स्टिकर ठरलेलाच होता.

ह्या वेळी मी हसले नाही. सोमवारी सह्या घ्यायच्या म्हणून रजिस्टर माझ्यासोबतच असायचं. ते उघडलं. नव्या ओळीवर तारीख टाकली. माल, कर्मचारी एक. नाकारण्याचं कारण, अर्थ बरोबर, उच्चार वेगळा. खाली सही केली. खालच्या ओळीत आधीच्या स्टिकरचीही उशिरा नोंद म्हणून भर घातली. रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं.

"सर, सही करा."

त्याने वाचलं. त्याचा चेहरा उतरला. "वेडी आहेस का? हे तपासनीस बघतात."

"रोल माझ्या सहीवर आहे. स्टिकर लावला की नोंद करायची, हा नियम तुमचाच आहे."

"पान फाड."

"पानांवर नंबर छापलेत, सर."

त्याने माझ्या ओळखपत्रावरचा स्टिकर नखाने खरवडून काढला. तुकडे त्याच्याच बोटांना चिकटले. सही केली नाही. कुणी हसलं नाही, आणि माझ्या बाजूने कुणी एक शब्दही बोललं नाही. नंतर हात धुताना एक सहकारी हळूच म्हणाली, "बरं केलंस." म्हणताना ती दाराकडे बघत होती.

माणसांना स्टिकर लावणं बंद झालं. माझ्याशी बोलणंही बंद झालं. त्या महिन्यात मला कायम करायचं होतं. पत्र आलं, उमेदवारीची मुदत सहा महिने वाढवली, संवादकौशल्य कमी पडतं. क्रेटवर मी आधी एकटी बसायची, आताही एकटीच बसते.

आबांना सगळं सांगितलं.

"नोकरी जाई का व?"

"जाई तर जावो. पान तठेच राही."

मी राजीनामा देणार नाही. काढायचं असेल तर त्यांनी कारण लिहून काढावं. वाक्प्रचारांचं पुस्तक मी अजून वाचते, रोज, माझ्यासाठी. कुणी बोट दाखवलं म्हणून उभी राहत नाही.

पुढच्या महिन्यात तपासनीस येणार आहेत. ते रजिस्टर मागतील. त्या दोन ओळींपुढे मॅनेजरची सही का नाही, हे विचारतील. सर उत्तर द्यायला पुढे होईल. त्याआधी मी बोलणार आहे. इंग्रजीत. माझ्या उच्चारात.