तारखांसकट पोटदुखी

पंपांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढलेल्या माणसाला लोक ‘मायक्रोमीटर’ म्हणू लागले, यात नवल ते काय? केसाएवढा फरक दिसला तरी हा पठ्ठ्या त्या भागाला नापासाची लाल चिठ्ठी लावायचा. मालक समोर उभा असला तरी लावायचा.

बावन्नाव्या वर्षी त्याने ठरवलं, आता पुरे. दोन सायकली आणल्या, एक स्वतःला, एक बायकोला. पाय धडधाकट आहेत तोवर दोघांनी मनसोक्त भटकायचं. पण माशी शिंकली ती आरोग्य विम्यावर. आजवर दोघांचा विमा कारखाना भरत होता. नोकरी सुटली की तोही सुटणार. विम्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही, ही बायकोची अट.

मेहुणा विमा एजंट. फॉर्म पुढे सरकवून म्हणाला, “भाऊजी, आजारांच्या रकान्यांत सगळीकडे ‘नाही’ लिहा आणि सही ठोका.”

“ठेवून जा, भरतो,” मायक्रोमीटर म्हणाला. तिथेच सगळं बिनसलं.

रविवारी चष्मा चढवून तो बसला. रकाना पुरेना म्हणून तीन कागद जोडले. स्वतःचा गुडघा, रक्तदाब, लहानपणी फुटलेला कानाचा पडदा. मग मोर्चा बायकोकडे. ‘तळलेलं खाल्लं की उजव्या कुशीत दुखतं’, हे त्याने तारखांसकट लिहिलं. तारखा चक्क डायरीत होत्या!

“अहो, मी काय तुमचा पंप आहे?” बायको कडाडली. “साधी पोटदुखी ती!”

मेहुण्याने कपाळावर हात मारला. “भाऊजी, हे वाचून कंपनी विमा देईल की ॲम्ब्युलन्स पाठवेल?”

कंपनीने विमा दिला, पण हप्ता जवळजवळ दुप्पट, आणि लिहिलेल्या दुखण्यांना पहिली दोन वर्षं दमडी नाही. दुसऱ्या कंपनीत सगळीकडे ‘नाही’ लिहून नवा फॉर्म भरू, म्हणून मेहुण्याने जंग जंग पछाडलं. मायक्रोमीटर हटेना. बायकोने दोन दिवस अबोला धरला. सायकली दारात धूळ खात उभ्या.

शेवटी त्यानेच तोड काढली. नोकरी सोडली आणि त्याच टेबलावर आठवड्यातून दोन दिवस रोजावर जाऊ लागला. ती कमाई सरळ हप्त्यात. उरलेले पाच दिवस सायकलीचे. बायको उतारावर ब्रेक न लावता सुटायची आणि हा मागून बोंबलत जायचा. दोघांनाही आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती.

तिसऱ्या वर्षी पित्ताशयातल्या खड्यांनी बायकोला आडवं केलं. ऑपरेशन झालं. मेहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं. ‘दुखणं जुनं होतं, तुम्ही लपवलंत’ म्हणत कंपन्यांनी हात वर केलेले त्याने डोळ्यांनी पाहिले होते. पण इथे लपवलेलं काही नव्हतंच. जुन्या फॉर्मवर दुखणं तारखांसकट हजर होतं, आणि दोन वर्षंही उलटली होती. बिल पूर्ण मंजूर झालं.

खाटेवर पडल्या पडल्या बायकोने मंजुरीचं पत्र वाचलं आणि तिला भरून आलं. ती पोटदुखी तिने स्वतःसुद्धा मनावर घेतली नव्हती.

“ती डायरी अजून आहे का हो?”

“आहे की.”

“मग लिहा. टाके दुखतायत, पण दोन महिन्यांनी सायकल.”

त्याने तारीख घालून लिहिलं, आणि खाली आठवणीने जोडलं: ‘त्याआधी हिचे ब्रेक तपासणे.’